काळा सोटा

ओलकेजू वस्ती, काजियाडोच्या दक्षिणेला
१२ मार्च १९८४

सिरोंका, पोरा,

हे माझं अकरावं पत्र. आधीच्या दहांचं उत्तर आलं नाही, पण म्हणून लिहिणं थांबवावं असं मी काही ठरवलेलं नाही. लॉरीवाला सांगतो की मोम्बासाला तू हॉटेलच्या फाटकावर उभा असतोस, पत्र घेतोस, न वाचता खिशात ठेवतोस आणि त्याला चहा पाजतोस. म्हणजे पत्र पोचतं. माझं तेवढ्यावर भागतं.

इकडे पाऊस नाही. आपली सतरा गुरं गेली. करड्या गाईला तीन दिवस शेपटी धरून उभी केली, चौथ्या दिवशी ती उठली नाही. कातडी घ्यायलाही कुणी येत नाही, सगळ्यांच्याच कुंपणावर वाळत घातलेली आहेत. तुझी आई बरी आहे. सकाळी दुधाचा भोपळा माझ्यापुढे ठेवते, रिकामा झाला की उचलून नेते. बोलत नाही. तीन वर्षं झाली, आता घरात आवाज झाला तरच दचकायला होतं.

एक बातमी आहे, ती लिहायला हात उचलत नाही. पण दुसरीकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेली बरी.

आमच्या वयोगटाचा बोलका, भांडणांचे निवाडे देणारा म्हातारा गेला. गेलेल्याचं नाव आपण घेत नाही, म्हणून लिहीत नाही. मांस खाताना गुणगुणायचा तोच. त्याचा काळा सोटा आता कुणाला द्यायचा म्हणून बाभळीखाली सगळे जमले होते. मी मागे बसलो होतो, सावलीच्या कडेला. दोन-तीन नावं निघाली. एक फार बोलतो म्हणून गळाला, एकाला स्वतःलाच सोटा हवा आहे असं दिसलं म्हणून गळाला. मग लेतुरा उठला. त्याचा आवाज तुला माहीत आहे, शेजारच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागतात.

"अरे, शोधता कुणाला?" म्हणाला. "एका वासरापायी ज्यानं पोटच्या तरण्या मोरानाचा कान भर वस्तीत फाडला, तो उद्या तुमच्या पोरांची गय करणार आहे का? की माझ्या? असाच माणूस पाहिजे. सिरोंकाचा बाप!"

सगळे 'हो हो' करायला लागले. म्हातारा म्पोके तेवढा तपकिरीच्या डबीत बघत बसला होता. डबीत काय एवढं बघण्यासारखं असतं कोण जाणे.

मी नको म्हटलं. म्हटलं, "मला गुडघे साथ देत नाहीत, मी कसला बोलका!" नको म्हटल्यावर तर आपल्या लोकांना माणूस जास्तच पसंत पडतो. दुसऱ्यांदा नको म्हटलं तेव्हा लेतुरा बाजूच्याला म्हणाला, "बघ, बघ, कसा नको म्हणतोय." तिसऱ्यांदा म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर सोटा मांडीवर आला होता.

तो आता माझ्या उशाशी आहे. तुला हे वाचून काय वाटेल ते मला ठाऊक आहे.

कागदावर थुंकून आशीर्वाद देता येत नाही, अक्षरं पसरतात. तेवढं समजून घे.

तुझा बाप


३ जून १९८४

सिरोंका,

मोठा पाऊस आलाच नाही. बाकी सगळं आहे तसं आहे.

आज कुन्ताईबद्दल लिहितो. तुम्ही दोघं एका भोपळ्यातून दूध प्यालात, एका दिवशी भाले हातात घेऊन मोरान झालात. तुमच्या मुंडणाच्या सोहळ्याला तू नव्हतास. निवडणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याला तुमच्या पिढीचा ओलोतुनो म्हणून धरलं, एवढं तुझ्या कानावर गेलं असेल. कसं धरलं ते तू पाहिलं नाहीस. सोहळ्याच्या सकाळी तो केसांचा गेरू नीट करत बसला होता आणि सहा जणांनी मागून झडप घातली. काय झुंजला! लेतुराच्या हाताला असा चावला की तो हात महिनाभर गळ्यात बांधलेला. "मी नाही! दुसऱ्याला धरा!" असं ओरडत होता. त्याची आई घराच्या दारात उभी होती, तोंडावर फडकं धरून. दुसरं कोण काय करणार? ज्याला पिढीच्या पुढे उभं करतात, सगळ्या पिढीचं बरंवाईट त्याच्याच डोक्यावर बसतं. त्याची गुरं आधी मरतात, तो आधी म्हातारा होतो, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. कुठल्या आईला आवडेल?

पण पोरा, तोच कुन्ताई आता बघायला हवा होतास. कोरड्या नदीच्या वाळूत त्यानं विहीर खोदायला घेतली आहे. तीन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहतील एवढी खोल गेली. तुझे जोडीदार पाळीपाळीनं खाली उतरतात, बादल्या वर देतात, आणि वर कुणाचं जनावर आधी पाजायचं ते तो सांगतो. कुणी वाद घालत नाही. स्वतःची गुरं तो सगळ्यांत शेवटी आणतो. तशी आता चारच उरली आहेत, सोहळ्याच्या वेळी जोडीदारांनी दिलेली होती तीही ज्याची जास्त मेली त्याला देऊन टाकली. सरकारचा चीफ मध्यंतरी टोपी घालून, शिट्टी वाजवत आला, पिवळा मका वाटायला. लोक त्याच्यासाठी उठून उभे राहिले आणि मग पोती कुठे उतरवायची ते कुन्ताईला विचारायला गेले. चीफ बिचारा शिट्टी हातात धरून लॉरीच्या सावलीत बसला. शेवटी कुन्ताईनंच त्याला दूध नेऊन दिलं.

आता सगळे म्हणतात, "हा जन्मलाच तसा. आम्हाला तेव्हाच दिसलं होतं." लेतुरा चावलेल्या हाताचा वण पाहुण्यांना दाखवतो. मला कुणी विचारलं तर मी मान हलवतो.

परवा मी नदीवर गेलो होतो. तो विहिरीच्या काठावर बसून पायातला काटा काढत होता. मला बघून उठला, डोकं पुढे केलं, मी हात ठेवला.

"सिरोंकाचं पत्र येतं का, बाबा?"

"येतं," म्हटलं. खोटंच.

"काय म्हणतो?"

"काय म्हणणार! चहा स्वस्त आहे म्हणतो."

हसला. मग म्हणाला, "त्याला लिहा, कुन्ताई म्हणतो, रागावू नकोस."

"कुणावर?"

"नुसतं लिहा हो. समजेल त्याला."

मला काही समजलं नाही. सांगितलं होतं म्हणून लिहिलं.

सोट्याचं काम चाललं आहे. आठवड्यातून दोनदा तरी लोक येतात. मी ऐकून घेतो. फार बोलत नाही, त्याचंही कौतुक होतं.

तुझा बाप


२७ ऑगस्ट १९८४

सिरोंका,

तुझा जोडीदार गेला. यापुढे त्याचं नाव मी लिहिणार नाही. मागच्या पत्रात आहे, तेवढं खोडून टाक.

मंगळवारी गेला. खाली उतरायची पाळी दुसऱ्याची होती, त्याला ताप होता, म्हणून हा उतरला. दोन बादल्या वर आल्या. तिसरीचा दोर हलला आणि एका बाजूची वाळू खाली बसली. मोठा आवाज झाला नाही. वरची पोरं म्हणतात, पीठ सांडल्यासारखा आवाज झाला. हातांनी, थाळ्यांनी, ढालींनी उकरलं. दुपार झाली. बाहेर काढला तेव्हा अंगावर कुठे खरचटलेलंही नव्हतं.

मोठ्या माणसाचा मान दिला त्याला. पायांत नवी पायताणं घातली. हातात द्यायला हिरवं गवत हवं, ते कुठेच मिळेना. शेवटी कुणाच्या तरी छपरातलं वाळकं ओढून आणलं आणि बोटांत धरवलं. मग आम्ही परत आलो. दिवस कलला होता, गुरांना पाजायचं राहिलं होतं, ती दुसऱ्या जागी नेली.

त्याच्या आईला हाक कशी मारायची हा प्रश्न पडला आहे. इतकी वर्षं ती त्याचीच आई म्हणून ओळखली जायची, दुसरं मूल नाही. आता ते नाव तोंडातून काढता येत नाही. बायका 'अगं ए' म्हणतात. ती वळून बघते, कधी बघत नाही.

संध्याकाळी बाभळीखाली सगळे बसले होते. कुणीतरी म्हणालं, "ओलोतुनोचं असंच होतं. सगळ्यांचं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर." सगळ्यांनी माना हलवल्या. मग लेतुरानं माझ्या पाठीवर थाप मारली. तो वाईट माणूस नाही, गप्प बसता येत नाही एवढंच.

"तुझा सिरोंका सुटला बघ," म्हणाला. "त्याचंही नाव निघालं असतं की! अंगापिंडानं चांगला, घराणं स्वच्छ. पण फाटक्या कानाच्याला कोण धरतं? त्या वासराचे उपकार मान."

मी लघवीला म्हणून उठलो आणि कुंपणामागे उभा राहिलो. काही वाटत नव्हतं. कुंपणाच्या काट्यांत एक लाल धागा अडकला होता, तो सोडवत बसलो.

तुझा बाप


९ सप्टेंबर १९८४

सिरोंका,

आता लिहितो. तीन वर्षं प्रत्येक पत्र लिहिताना हे लिहायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी गुरांचं लिहिलं.

वासरू तू हरवलं नव्हतंस.

मुंडणाच्या तीन दिवस आधी मला कळलं की निवडणाऱ्या म्हाताऱ्यांनी तुझं नाव पक्कं केलं आहे. कुणी सांगितलं ते लिहीत नाही. सांगणाऱ्याला वाटलं मला आनंद होईल. मी तपकीर ओढली, "बरं," म्हटलं, आणि घरी येताना वाट चुकलो, स्वतःच्या वस्तीची.

ओलोतुनोला अंगावर कुठे व्यंग चालत नाही. बोट तुटलेलं चालत नाही, दात पडलेला चालत नाही, कानाची पाळी फाटलेली तर मुळीच नाही. मी रात्रभर तुझ्या अंगावरचं काय कमी करता येईल ते मोजत होतो. बोट म्हणजे भाल्यावरची पकड जाते. दात म्हणजे सगळ्यांना शंका येते. कान राहिला. कानाला दुसरं काही काम नाही, मणी अडकवायचे एवढंच.

पण निमित्त हवं होतं. पहाटे तू दुसऱ्या बाजूला असताना पांढऱ्या कपाळाचं वासरू मीच दरीत हाकललं. परत येऊ नये म्हणून दगड मारले. मग उन्हं वर आल्यावर सगळ्यांसमोर तुला विचारलं, "वासरू कुठे आहे?" तू इकडेतिकडे बघायला लागलास. खरंच शोधत होतास तू. "बाबा, आत्ता तर होतं," म्हणालास. मी तुझ्या कानाच्या पाळीत बोट घातलं. तुझ्या आईनं गुंफलेल्या निळ्या मण्यांची कडी होती, ती आधी तुटली. मणी शेणात पडले. मग पाळी.

तू कानाला हात लावलास. हातावरचं रक्त बघितलंस आणि मग माझ्याकडे. मला वाटलं होतं, दोन दिवसांनी सोहळा झाला, दुसऱ्या कुणाला धरलं, की तुला बाजूला घेऊन सांगीन. तू दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलास.

आणि दुसऱ्या कुणाला धरलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. हेही लिहायला हवं की तेव्हा मला बरं वाटलं. तो चावत होता, ओरडत होता आणि मी गर्दीत उभा राहून बघत होतो. पोटात कुठेतरी गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. त्याची आई दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आणि मग लोक म्हणायला लागले, काय कडक माणूस, पोटच्या पोरालाही सोडत नाही. एक जण भांडण घेऊन आला. मग दुसरा. मी नाही म्हटलं नाही. तुझ्या फाटक्या कानावर मी मोठा झालो.

येत्या चंद्राला तुझे सगळे जोडीदार जमणार आहेत. पुढारी गेला, आता आपल्यावर काय कोसळणार म्हणून पोरं भेदरली आहेत. मोठ्यांनी त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की यात कुणाचा दोष नाही, त्याच्या नशिबात होतं, तोच निवडलेला होता. आणि ते सांगायचं काम सोटा ज्याच्या हातात त्याचं.

तू परत ये म्हणून हे लिहिलेलं नाही.

बाप


३० सप्टेंबर १९८४

सिरोंका,

जमले होते सगळे. तुझे जोडीदार एका बाजूला, आम्ही एका बाजूला, बायका लांब कुंपणाशी. मी उठलो. सोट्यावर भार देऊन उभा राहिलो, बसायला नको म्हणून. तुला लिहिलं होतं तेच बोललो, त्याच क्रमानं. वासरू, दगड, मणी. बोलायला फार वेळ लागला नाही.

संपल्यावर माश्यांचा आवाज येत होता.

मग म्पोके उठला. त्याला उठायला दोन माणसं लागतात, कुणी पुढे झालं नाही, तरी उठला. "सिरोंकाचं नाव माझ्याच तोंडून गेलं होतं," म्हणाला. "तपकीर ह्याची होती, जीभ माझी." आणि खाली बसला.

लेतुराच्या कपाळावरची शीर तटतटली. "सोटा खाली ठेव!" ओरडला. "तीन वर्षं आम्ही कुणापुढे भांडणं नेली? बकरी चोरली म्हणून मी ह्याच्यासमोर कान धरून उभा राहिलोय! ठेव खाली!"

मी ठेवायला वाकलोच होतो. खरं सांगतो, ती पहिली गोष्ट होती जी मला कितीतरी दिवसांत करावीशी वाटली. ठेवला की घरी जाता येणार होतं.

"थांबा."

बायका सभेत बोलत नाहीत. ती कुंपणाशी उभी राहूनच बोलली, आत आली नाही. तुझ्या जोडीदाराची आई. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे त्याला माहीत होतं," म्हणाली.

"कुणाला?"

"माझ्या मुलाला. सिरोंकाचा कान फाटला तेव्हा तो तिथेच उभा होता. घरी आला आणि म्हणाला, आई, एका वासरासाठी कुणी मोरानाचा कान फाडत नाही. सिरोंकाचं नाव निघालं असणार, आणि त्याच्या बापानं ते पुसलं. आता मला धरतील." ती पुढे म्हणाली, "दोन दिवस होते हातात. मी म्हटलं, पळ. नामांगाला तुझा मामा आहे. ऐकेना. मग मी मुंडणाचा वस्तरा काढला. म्हटलं, बोट दे. एकच पेर कापते, डाव्या हाताचं. दुखणारही नाही फार. त्यानं माझ्या हातातून वस्तरा घेतला आणि नीट गुंडाळून ठेवून दिला. म्हणाला, मी नाही तर तिसऱ्याला धरतील. त्याची आई वस्तरा काढील. मग चौथ्याची काढील. मग शेवटी आमच्या पिढीत धड बोटांचा एक तरी राहील का?"

तुझ्या जोडीदारांपैकी एकाला हसू आलं आणि ते मध्येच तुटलं.

"मग एवढा झुंजला कशाला?" लेतुरानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"झुंजला नसता तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

लेतुरानं बाजूच्याकडे बघितलं.

"म्हटलं असतं, ह्याला हवंच होतं. आणि ज्याला हवं असतं त्याचं तुम्ही कोण ऐकता? आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं त्यानं. मला म्हणाला, लेतुराबाबांनाच चावतो. त्यांची कातडी जाड आहे, आणि ते सगळीकडे सांगत सुटतील." ती म्हणाली, "मी तोंडावर फडकं धरलं होतं ते रडत होते म्हणून नाही. कुणी माझं तोंड बघितलं असतं तर झुंज ठरवलेली आहे हे कळलं असतं."

लेतुरा स्वतःच्या हाताच्या वणाकडे बघत होता. एवढ्या सगळ्यांत पहिल्यांदाच त्यानं तो कुणाला दाखवला नाही.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, बघावंच लागलं.

"सोटा काढून घेता?" तिनं सभेला विचारलं. "म्हणजे ह्याला मोकळा करता. ओझं नको म्हणून ह्यानं स्वतःच्या पोराचा कान फाडला आणि तुम्ही शिक्षा काय देता, तर ओझं उतरवून घेता! उचलू दे त्याला. मरेपर्यंत उचलू दे. कुणाची गाय कुणाच्या गवतात शिरली, कुणाच्या सुनेला कुणी काय म्हटलं, सगळं ऐकू दे. आणि निवाडा देताना दर वेळी हे सगळ्यांना माहीत असू दे."

ती वळून निघून गेली. पाणी आणायचं होतं, गाढव बांधून आली होती.

सभेनं वेगळं काही ठरवलं नाही. सोटा माझ्या हातातून सुटून जमिनीवर पडला होता. उठताना म्पोके माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला. तुझे जोडीदार एकेक करून निघून गेले. बरेच जण माझ्यापुढून गेले, एकानंही डोकं पुढे केलं नाही. सर्वांत शेवटी तापवाला गेला, ज्याची त्या दिवशी पाळी होती. तो थांबला, मला वाटलं रागानं थुंकेल. त्यानं सोटा जमिनीवरून उचलून माझ्या हातात दिला आणि गेला.

घरी आल्यावर तुझ्या आईनं विचारलं, "मग वासरू कुठे होतं?"

तीन वर्षांनी पहिला शब्द. मी सांगितलं, दरीत. मीच हाकललं, दगड मारले. ती ऐकत होती. मग भोपळा धुवायला घेतला आणि धुतच राहिली. अंधार पडेपर्यंत.

बाप


२१ ऑक्टोबर १९८४

सिरोंका,

लॉरीवाला उद्या जातो म्हणून घाईत लिहितो.

तुझी आई आता कधी कधी बोलते. "आज दूध कमी आहे," म्हणाली परवा. काल म्हणाली, "तुमच्या पायताणाचा पट्टा तुटलाय." मी पट्टा शिवला.

लोक येतात. मला वाटलं होतं येणार नाहीत. पहिले दोन आठवडे कुणी आलं नाही, मग दोन भाऊ आले, सावत्र, कुंपण कुठे सरकवायचं यावरून. मी म्हटलं, "माझ्याकडे कशाला आलात? माझं माहीत आहे ना?" थोरला म्हणाला, "माहीत आहे म्हणूनच आलो. तुमच्यापाशी आम्हाला आमचं लपवायला नको." धाकट्यानं मला तपकीर दिली. मी दोघांचं ऐकलं. थोरल्याचं चुकत होतं, तसं सांगितलं. त्यानं मान्य केलं. ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. उठायचं कारण नव्हतं.

तुझ्या जोडीदारांना दुसरा ओलोतुनो धरता येत नाही, पिढीला एकच असतो. पोरं आता पाळीपाळीनं एकमेकांना विचारून ठरवतात. त्यांना ते अवघड जातं. पण अजूनपर्यंत तरी मोडलेलं नाही.

त्याच्या आईला बायकांनी नवी हाक शोधली आहे, पाणी वाटते म्हणून 'पाणीवाली' म्हणतात. मला बघून ती रस्ता बदलत नाही. बोलतही नाही.

पोरा, मी ह्या सगळ्यात एक गोष्ट फिरवून फिरवून बघतो आहे. त्या पोराला दोन दिवस मिळाले, कारण त्यानं स्वतः ओळखलं. तुला मी एक क्षणही दिला नाही. मला वाटत होतं मी तुला जीव दिला. कदाचित दिला असेल. पण तू काय केलं असतंस ते मी कधी कळूच दिलं नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही. तू पळाला असतास का, वस्तरा मागितला असतास का, की केसांना गेरू लावून बसून राहिला असतास? मी तुझा बाप, आणि मला हे सांगता येत नाही.

म्हणून तीन वर्षं उशिरानं विचारतो. मी तुला त्या दिवशी बाजूला घेऊन खरं सांगितलं असतं, तर तू थांबला असतास का?

परत ये असं म्हणत नाही. तेवढं एक लिहून पाठव. 'हो' लिहिलंस तर मी तुझं काय घेतलं ते मला कळेल. 'नाही' लिहिलंस तर तेही घेईन. खोटं मात्र लिहू नकोस, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको.

तुझा बाप